चाकूरचा पाऊस आणि समुद्राची ऊब

मे महिन्याच्या मध्याला लातूर जिल्ह्यातल्या चाकूरला शून्य सावलीचा दिवस येतो. भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, अंगणातल्या खांबाची सावली खांबाच्याच पायाशी. त्याच सुमारास, जवळपास त्याच अक्षांशावर, चारशे किलोमीटर पश्चिमेला अलिबागलाही सूर्य तसाच डोक्यावर असतो. ऊन दोन्हीकडे सारखे, तरी चाकूरचा पारा चाळिशी ओलांडून गेलेला असतो आणि अलिबागचा तेहतीस-चौतिसाच्या घरात अडलेला असतो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे याच्या उलट. चाकूरच्या बसस्थानकाबाहेर शेकोट्या पेटतात, अलिबागला एका चादरीत भागते.

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकवताना हा फरक सांगतात आणि तो धडा तिथेच संपतो. त्यामुळे समुद्र ऊब धरून ठेवतो ती किनाऱ्यावरच्या लोकांची सोय, अशी आपली समजूत होऊन बसते. मराठवाड्याच्या दुष्काळावर लिहिताना आपण धरणे, ऊस, बोअरवेल, टँकर यांच्याबद्दल बोलतो आणि ते बोलायलाच हवे. पण चाकूरच्या मृगाची पेरणी, श्रावणातली उघडीप आणि सोयाबीन काढणीच्या तोंडावर येणारा परतीचा पाऊस यांची मुळे खाऱ्या पाण्याच्या चार-पाच भौतिक गुणांत आहेत. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने समुद्राकडे कोकणातल्या माणसाइतक्याच जवळिकीने पाहावे असे मला मनापासून वाटते. त्याचे कारण आकड्यांसकट सांगतो.

पाणी तापायला फार उष्णता लागते. एक किलो समुद्राचे पाणी एका अंशाने तापवायला जवळपास चार हजार जूल लागतात, तर एक किलो हवेला हजारच. हा फरक चारपट दिसतो, पण हवा विरळ आणि पाणी दाट. एक घनमीटर समुद्राच्या पाण्याचे वजन सुमारे १,०२५ किलो, एक घनमीटर हवेचे जेमतेम सव्वा किलो. त्यामुळे जागेच्या हिशेबाने फरक कुठल्या कुठे जातो. एक घनमीटर पाणी एका अंशाने थंड झाले, तर त्यातून सुटलेली उष्णता सुमारे ३,४०० घनमीटर हवा एका अंशाने तापवायला पुरते. याच हिशेबाने जमिनीपासून आकाशाच्या टोकापर्यंतची सगळी हवा जेवढी उष्णता धरू शकते, तेवढी समुद्राचा वरचा अडीच मीटरचा थर एकटा धरतो. समुद्राची सरासरी खोली ३,७०० मीटरच्या आसपास आहे. उष्णतेची खरी कोठारे कुठे आहेत ते यावरून कळावे.

पण नुसती धारण करण्याची ताकद असून भागत नाही. उष्णता आत शिरायला हवी. चाकूरच्या काळ्या मातीत दिवसभराचे ऊन फार तर वीत-दीड वीत खाली पोचते. माती स्थिर असते, ऊन तिच्या पृष्ठावरच अडते आणि तिथून कणाकणाने खाली झिरपते. म्हणून वरचा थर भाजून निघतो आणि रात्री तेवढ्याच वेगाने निवतो. पाणी खरे तर उष्णतेचे वाईट वाहक आहे. समुद्र अगदी निश्चल असता तर वरची उष्णता पन्नास मीटर खाली पोचायला शेकडो वर्षे लागली असती. पण समुद्र निश्चल नसतो. एक तर पाणी पारदर्शक असल्यामुळे उन्हातला निळा प्रकाश कित्येक दहा मीटर खाली उतरतो. उन्हातला अदृश्य अवरक्त भाग मात्र वरच्या काही मिलिमीटरांतच शोषला जातो. दुसरे म्हणजे वारा. वाऱ्याने लाटा उठतात, पाणी ढवळले जाते, रात्री वरचे पाणी थंड होऊन जड होते आणि बुडते, त्या जागी खालचे वर येते. असे ढवळले जाणारे पाणी कुठे वीस मीटर जाडीचे असते, कुठे शंभर. या थरात तापमान वरपासून खालपर्यंत जवळपास एकच असते. मे महिन्याचे ऊन समुद्र असे जाड थरात जिरवतो आणि ते पुढे महिनोन्महिने पुरवून वापरतो.

समुद्राने ही ऊब परत द्यायची मुख्य वाट म्हणजे बाष्पीभवन, आणि चाकूरचा थेट संबंध इथे येतो. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे साडेचोवीस लाख जूल लागतात. तेवढी उष्णता उरलेल्या पाण्यातून काढून घेतली, तर सहाशे किलो पाणी एका अंशाने थंड होईल. ही उष्णता वाफेबरोबर हवेत जाते, पण हवा तापत नाही. उष्णता वाफेत दडून राहते. वाफेचे थेंब होतील तेव्हाच ती बाहेर पडते. म्हणजे नैऋत्येचा वारा सह्याद्री ओलांडून मराठवाड्यात येतो तेव्हा तो पाण्याच्या बरोबरीने समुद्राची उष्णताही वाहून आणतो.

ही उष्णता किती, याचा हिशेब एका एकराचा करून पाहू. पेरणीनंतर रानावर २५ मिलिमीटरचा चांगला पाऊस झाला. एका एकरावर पडलेले पाणी एक लाख लिटरहून थोडे जास्त भरते. एवढ्या पाण्याची वाफ होताना समुद्राने दिलेली उष्णता विजेच्या हिशेबात सुमारे ६९ हजार युनिट होते. ती सगळी त्या एकराच्या वर, ढगात, थेंब बनताना बाहेर पडली. या उष्णतेने हवा आणखी हलकी होते, आणखी वर जाते आणि खालून आणखी ओलसर हवा ओढून घेते. ढग वाढतो तो असा. लातूर जिल्ह्यात वर्षाला साधारण साडेसातशे ते आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. एकराला तीस पट, आणि मग तालुक्याचे सगळे एकर. मला विचाराल तर मान्सूनची व्याख्या करताना वारा आणि पाऊस यांच्या आधी हे उष्णतेचे दळणवळण सांगायला हवे.

आता मिठाकडे येतो, कारण या सगळ्या गोष्टीत सर्वांत कमी बोलला जाणारा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा घटक तोच आहे.

एक किलो समुद्राच्या पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे पाण्याची उष्णता धरण्याची ताकद थोडी कमीच होते. मिठाचे मोठे काम वेगळे: पाण्याचे वजन ठरवणे. गोडे पाणी चार अंशांना सर्वांत जड असते, त्याहून थंड झाले तर पुन्हा हलके होऊन वर राहते. म्हणून थंड प्रदेशातली तळी वरून गोठतात आणि तळाचे पाणी चार अंशांवर टिकून राहते. समुद्राचे पाणी तसे नाही. ते गोठेपर्यंत, म्हणजे उणे १.९ अंशांच्या आसपास पोचेपर्यंत जड होतच जाते आणि बुडत राहते. अंटार्क्टिकाभोवती असे बर्फाळ, खारट पाणी तळाला जाते आणि तळातळाने उत्तरेकडे सरकत हिंदी महासागरापर्यंत येते. म्हणून विषुववृत्तावर वरचे पाणी अठ्ठावीस अंशांचे असते आणि काही किलोमीटर खाली दोन-तीन अंशांचे. वरचा ऊबदार थर म्हणजे या थंड पाण्यावरचा पातळ पापुद्रा आहे. वाऱ्याने तो किती ढवळला जातो, यावर त्याची ऊब टिकणार की खाली गाडली जाणार हे ठरते.

आणि ढवळण्याला मीठ अडवू शकते. उष्ण कटिबंधातल्या पाण्यात किलोमागे एक ग्रॅम मीठ कमी झाले, तर पाणी जेवढे हलके होते तेवढे हलके व्हायला त्याला दोन अंशांहून जास्त तापावे लागेल. दोन शेजारी समुद्रांच्या खारटपणात पाच-सहा ग्रॅमचा फरक असेल, तर त्याचा परिणाम किती मोठा होईल याचा अंदाज यावरून बांधावा. आपल्या देशाच्या दोन बाजूंना नेमके असेच दोन समुद्र आहेत.

अरबी समुद्रात मोठ्या नद्या फार कमी येतात आणि बाष्पीभवन भरपूर. त्याचे पाणी ३६ ग्रॅमच्या आसपास खारट. बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी, कृष्णा येऊन मिळतात, शिवाय वरून मुसळधार पाऊस. पावसाळ्यानंतर त्याच्या उत्तर भागातल्या वरच्या पाण्यात ३० ग्रॅमहूनही कमी मीठ उरते. हे गोडसर, हलके पाणी खालच्या खारट पाण्यावर दुधावरच्या सायीसारखे पसरते.

जून उजाडला की दोन्ही समुद्रांवर मान्सूनचे वारे सुरू होतात आणि त्यांचे स्वभाव वेगळे दिसू लागतात. अरबी समुद्रावरून आफ्रिकेच्या बाजूने येणारा वारा अतिशय जोराचा. जमिनीपासून दीड किलोमीटर उंचीवर त्याचा वेगवान झोत वाहतो. तो झोत १९६० च्या दशकात जे. फिंडलेटर यांनी नोंदवला, म्हणून त्याला त्यांचे नाव आहे. या वाऱ्याने अरबी समुद्र खोलवर ढवळला जातो, बाष्पीभवन प्रचंड होते, सोमालियाच्या किनाऱ्यालगत खालचे थंड पाणी वर उसळते. तिथे भर उन्हाळ्यात पाणी वीस अंशांच्याही खाली जाते. मे महिन्यात तीस अंशांच्या आसपास असलेला मध्य अरबी समुद्र ऑगस्टपर्यंत सव्वीस-सत्तावीसवर येतो. उत्तर गोलार्धात ऐन उन्हाळ्यात इतका थंड होणारा समुद्र विरळाच. त्याची काही ऊब वाफ होऊन भारताकडे येते, काही खाली ढवळली जाते आणि काही वाऱ्याने ढकललेल्या पाण्याबरोबर विषुववृत्त ओलांडून दक्षिणेला जाते. हिंदी महासागराच्या उत्तरेला आशिया खंडाची भिंत आहे. ऊब बाहेर काढायची तर वाट दक्षिणेचीच.

बंगालच्या उपसागरात वारा त्या मानाने कमी जोराचा आणि वर गोड्या पाण्याची साय. वारा त्या हलक्या थरालाच ढवळतो, खालच्या जड खारट पाण्यापर्यंत त्याचे हात पोचत नाहीत. थर पातळ राहतो, म्हणून दोन पावसांच्या मधल्या उघडीपीत चार-सहा दिवस ऊन पडले की तो लगेच पुन्हा तापतो. परिणामी भर पावसाळ्यातही उपसागराचा बराचसा पृष्ठभाग अठ्ठावीस अंशांच्या वर टिकून राहतो.

अठ्ठावीस हा आकडा का महत्त्वाचा, ते दाखवणाऱ्या संशोधकांत एक मराठी नाव अग्रणी आहे. सुलोचना गाडगीळ पुण्याच्या. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकल्या, हार्वर्डला उपयोजित गणितात पीएच.डी. केली आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अनेक दशके काम केले. १९८४ मध्ये त्यांनी पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांच्यासह ‘नेचर’मध्ये दाखवले की हिंदी महासागरावर पाण्याचे तापमान अठ्ठावीस अंशांच्या आसपासचा उंबरठा ओलांडते तेव्हा संघटित, उंच ढगांचे प्रमाण एकदम वाढते. उंबरठ्याच्या खाली असे ढग क्वचित. उंबरठा ओलांडल्यावर मात्र आणखी तापमान वाढले म्हणून ढग त्या प्रमाणात वाढतातच असे नाही. पुढचे वाऱ्यावर अवलंबून. हे एक साधे निरीक्षण आहे, पण त्याने कितीतरी गोंधळ निस्तरला.

दोन समुद्रांतला हा फरक उष्णतेचा जमाखर्च मांडून सिद्ध करण्याचे काम गोव्याच्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत झाले. ही संस्था १९६६ मध्ये सुरू झाली. तिथल्या एस. एस. सी. शेणॉय, डी. शंकर आणि सतीश शेट्ये यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात बंगालचा उपसागर पावसाळ्यात तापलेला का राहतो आणि अरबी समुद्र का निवतो, याचा पूर्ण हिशेब मांडला. त्याआधी १९९९ मध्ये याच तिघांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली होती. हिवाळ्यात बंगालच्या उपसागराचे कमी खारट पाणी प्रवाहाबरोबर श्रीलंकेला वळसा घालून लक्षद्वीपच्या समुद्रात येते. तिथेही तीच साय पसरते. मार्च ते मे तिच्यावर ऊन पडत राहते आणि केरळजवळचा हा समुद्र तिसाहून जास्त अंशांपर्यंत तापतो. केरळात मान्सून दाखल होण्याआधी इथे हे ऊबदार डबके तयार झालेले असते. आपण जूनच्या पहिल्या आठवड्यात रेडिओला कान लावून ज्या बातमीची वाट पाहतो, तिची तयारी आधीच्या दिवाळीपासून, एका गोड्या पाण्याच्या प्रवासातून सुरू झालेली असते.

चाकूरला यातला उपसागर का महत्त्वाचा? अरबी समुद्राची वाफ घेऊन येणारा वारा सह्याद्रीवर चढतानाच आपले बरेचसे पाणी टाकतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पडतो आणि घाट उतरल्यावर तोच वारा कोरडा होत जातो. मराठवाडा या पर्जन्यछायेत बसलेला. इथे भरवशाचा, सगळीकडे सारखा, दोन-तीन दिवस चालणारा पाऊस हवा असेल तर बहुतेक वेळा उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार व्हावे लागते. ते ओडिशा-आंध्रच्या किनाऱ्यावरून आत सरकते, पश्चिमेकडचे ओलसर वारे जोराने ओढून घेते आणि विदर्भ-मराठवाड्यावर पाऊस देते. बातम्यांत ‘बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा’ हे शब्द आले की चाकूरचा शेतकरी फवारणी पुढे ढकलतो. त्या पट्ट्याचे इंधन म्हणजे सायीखाली न बुडालेली, पृष्ठभागावर टिकून राहिलेली ऊब.

एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. चाकूर तालुक्यातच वडवळजवळ घरणी नदी उगम पावते. ती मांजरेला मिळते, मांजरा बीदर-निजामसागरकडून फिरून गोदावरीला, आणि गोदावरी राजमहेंद्रीवरून उपसागराला. म्हणजे चाकूरच्या रानातून वाहून गेलेले पावसाचे पाणी उपसागराच्या त्याच गोड्या थरात जाऊन मिसळते, ज्याच्यामुळे तो समुद्र तापलेला राहतो आणि चाकूरकडे पुढचा पाऊस धाडतो. घरणीचा वाटा नगण्य आहे हे खरेच. त्या थरातले बहुतेक पाणी गंगा-ब्रह्मपुत्रेचे आणि उपसागरावरच्या पावसाचे. शिवाय वाटेत धरणे आहेत, पावसाचे बरेच पाणी पिकांत आणि हवेत परत जाते. तरीही हे चक्र खरे आहे आणि आपण त्यात आहोत.

मग दुष्काळ कसा पडतो? याचे एक उत्तर आणखी लांबच्या समुद्रात आहे. प्रशांत महासागरात एरवी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारे व्यापारी वारे वरचे तापलेले पाणी इंडोनेशियाच्या बाजूला ढकलून साठवतात. तिथला ऊबदार थर दीडशे मीटर किंवा त्याहून खोल जातो आणि समुद्राची पातळी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच राहते. वारे मंदावले की हा साठा पूर्वेकडे सरकू लागतो, खोल पाण्यातल्या लाटेच्या रूपाने दोन-तीन महिन्यांत सगळा प्रशांत ओलांडतो, आणि पेरूच्या बाजूचे पाणी तापते. हा एल निनो. ढगांची गर्दी त्या पाण्याच्या मागे पूर्वेला जाते आणि आपल्याकडे हवा खाली उतरू लागते. उतरत्या हवेत ढग वाढत नाहीत.

या दुव्याचा शोध दुष्काळाच्या धसक्यातूनच लागला. भारतीय हवामान खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर १९०४ ते १९२४ या काळात जगभरच्या हवामानाच्या नोंदी चाळत होते. प्रशांत आणि हिंदी महासागरांवरचा हवेचा दाब तागडीच्या पारड्यांसारखा वरखाली होतो हे त्यांना आढळले. त्यामागे समुद्राची ऊब आहे हे मात्र १९६९ मध्ये याकोब ब्येर्कनेस यांनी जोडून दाखवले. वॉकरांचे कार्यालय सिमल्याला होते; ते १९२८ मध्ये पुण्यात आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात.

२०१५ चा एल निनो गेल्या काही दशकांतल्या सर्वांत प्रबळ घटनांपैकी एक होता. २०१४ मध्ये देशातला पाऊस सरासरीहून १२ टक्के कमी पडला होता, २०१५ मध्ये १४ टक्के कमी. मराठवाड्यात तर सलग दुसरे वर्ष कोरडे. मांजरा धरण आटले आणि १२ एप्रिल २०१६ ला मिरजहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर. त्या पाण्यासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांच्या हालांमागे ऊस होता, नियोजनाचा अभाव होता आणि अर्ध्या पृथ्वीपलीकडे सरकलेले ऊबदार पाणीही होते. यातले पहिले दोन आपल्या हातातले. तिसरे हातात नाही, पण त्याची चाहूल काही महिने आधी लागू शकते, आणि म्हणूनच पहिल्या दोनांबाबत सबब चालत नाही.

मात्र एल निनो म्हणजे दुष्काळ हे समीकरण घट्ट धरणे चुकीचे आहे. १९९७ चा एल निनो अतिशय प्रबळ होता. त्या वर्षी देशात पाऊस सरासरीइतका, किंबहुना किंचित जास्त झाला. २००२ चा त्या मानाने मध्यम. तरी देशात १९ टक्के तूट पडली आणि जुलै महिन्यात तर जेमतेम निम्माच पाऊस झाला. या कोड्याचे उत्तर शोधताना सुलोचना गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषुववृत्तालगतच्या हिंदी महासागराकडे बोट दाखवले. आफ्रिकेच्या बाजूला पाणी तापून ढग जमले तर भारताला फायदा. सुमात्राच्या बाजूला जमले तर तोटा. १९९९ मध्ये एन. एच. साजी, बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या समुद्रातल्या पूर्व-पश्चिम तापमानाच्या अशाच झोक्याचे वर्णन केले होते, त्याला हिंदी महासागराचा द्विध्रुव म्हणतात. २०१९ मध्ये हा द्विध्रुव फार प्रबळ होता आणि त्या वर्षी पाऊस सरासरीहून दहा टक्के जास्त झाला.

हे सगळे मोजायचे तर समुद्राच्या पोटात उतरावे लागते. उपग्रहाला पाण्याचा पृष्ठभागच दिसतो. त्यासाठी ‘आर्गो’ नावाचे तरंगते यंत्र वापरतात. माणसाच्या उंचीचे, नळकांड्याच्या आकाराचे. त्याच्या पोटात थोडे तेल आणि बाहेर एक रबरी पिशवी. तेल आत ओढले की यंत्राचे आकारमान घटते आणि ते बुडते. पिशवीत सोडले की वर येते. हजार मीटरवर ते नऊ-दहा दिवस वाहत राहते, मग दोन हजार मीटरपर्यंत उतरते आणि वर येताना तापमान व खारटपणा नोंदवत येते. पृष्ठभागावर आले की उपग्रहाला आकडे देते आणि पुन्हा बुडी मारते. जगाच्या समुद्रांत अशी सुमारे चार हजार यंत्रे आहेत. भारतातले हे काम हैदराबादच्या राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रातून चालते. १९९९ मध्ये स्थापन झालेले हे केंद्र चाकूरपासून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे आपल्याला मुंबईपेक्षा किती तरी जवळ. निजामाच्या काळापासून लातूरकरांचे पाय ज्या शहराकडे वळतात, तिथेच समुद्राच्या उबेची रोजची नोंद ठेवली जाते.

या नोंदींतून दिसणारे चित्र काळजीचे आहे. १९७० च्या दशकापासून पृथ्वीवर साठलेल्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त उष्णता समुद्राने पोटात घेतली. हवेच्या वाट्याला जेमतेम एक टक्का आली. समुद्र नसता तर हवेचे काय झाले असते याची कल्पना करवत नाही. पण त्याची ही ताकद म्हणजे उष्णता नाहीशी होणे नव्हे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की पश्चिम हिंदी महासागर उन्हाळ्यात १९०१ ते २०१२ या काळात १.२ अंशांनी तापला. जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातला जो फरक मान्सूनला ओढतो, तो त्यामुळे कमी होतो. त्याच वेळी एका अंशाने तापलेली हवा सुमारे सात टक्के जास्त वाफ धरू शकते. २०१७ मध्ये याच गटाने मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात महाराष्ट्रही येतो, मोठ्या क्षेत्रावर होणारी अतिवृष्टी १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचे दाखवले. हंगामाचा एकूण पाऊस घटत असताना अतिवृष्टी वाढते, हे ऐकायला विचित्र वाटते. पण २०२३ च्या ऑगस्टची कोरडी उघडीप आणि २०२५ च्या सप्टेंबरात पाण्याखाली गेलेली सोयाबीनची राने पाहिलेल्या माणसाला ते समजावून सांगावे लागत नाही.

समुद्राच्या या संथपणाचा शेतकऱ्याला थेट उपयोग आहे. हवेची आठवण दोन आठवड्यांची, समुद्राची महिन्यांची. म्हणून एप्रिलच्या मध्याला हवामान खाते हंगामाचा अंदाज देऊ शकते. २०१२ मध्ये सुरू झालेल्या मान्सून मिशनमधून तयार झालेली संगणकीय प्रारूपे समुद्राच्या त्या वेळच्या उबेपासूनच गणित सुरू करतात. तो अंदाज देशाचा किंवा मोठ्या विभागाचा असतो. चाकूर मंडळात जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस पडेल का, हे एप्रिलमध्ये समुद्राला विचारून कळणार नाही. ज्याने सरासरीइतक्या पावसाचा अंदाज ऐकून मृगातच पेरले आणि पुढे तीन आठवडे आभाळ कोरडे राहिले, त्याची दुबार पेरणी त्या अंदाजाने टळली नसती.

मधल्या काळासाठी एक वेगळी गोष्ट उपयोगी पडते. पावसाळ्यात विषुववृत्ताकडून ढगांचे पट्टे तीस ते साठ दिवसांच्या फेऱ्यांनी उत्तरेकडे सरकत येतात. पट्टा आपल्यावर असला की झड, पुढे गेला की उघडीप, आणि त्या उघडीपीत उपसागराची पातळ साय पुन्हा तापून पुढच्या फेरीची तयारी करते. या फेऱ्यांवरून हवामान खाते दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विभागवार अंदाज प्रसिद्ध करते. त्यातले पहिले दोन आठवडे बऱ्यापैकी भरवशाचे असतात, तिसरा-चौथा कमी. मृगाचा एक पाऊस होऊन वाफसा आलेला असताना तिफण जुंपायची की आठ दिवस थांबायचे, हे ठरवायला एप्रिलच्या आकड्यापेक्षा हा गुरुवारचा अंदाज अधिक कामाचा आहे. तो मराठीत, तालुक्याच्या पातळीवर समजेल अशा भाषेत आणि खत-बियाण्याच्या दुकानाच्या दारात लावलेला असायला हवा. सध्या तो बहुतेक वेळा नकाशांच्या रूपात संकेतस्थळावर पडून असतो.